सिम्फनी हाइट्सच्या दारातली सलामी

वाजंत्री गल्लीत बारा मजली इमारत उभी राहिली तेव्हा बिल्डरनं तिचं नाव 'सिम्फनी हाइट्स' ठेवलं. जे काढून टाकलं त्याचंच नाव इमारतीला द्यायचं, ही बिल्डर लोकांची जुनी रीत. आमराई तोडली की 'मँगो ग्रीन्स' होतं, तळं बुजवलं की 'लेक व्ह्यू'. इथं बँडवाल्यांची सात घरं पाडली होती.

तळमजल्यावर लॉबीत भिंतभर चित्र होतं. फेटा बांधलेला एक म्हातारा गाल फुगवून क्लॅरिनेट वाजवतोय. हे आप्पा वायदंडे, फर्माईश ब्रास बँडचे मास्तर. चित्रातले आप्पा लॉबीत होते आणि खरे आप्पा रस्त्यापलीकडं, समोरच्याच घरात. चित्र बघून ज्यांनी फ्लॅट बुक केले त्यांनी राहायला आल्यावर पहिली तक्रार खऱ्या आप्पांची केली. "त्यांची कला आम्हाला आवडतेच," सोसायटीचे चेअरमन देवधर पोलीस ठाण्यात म्हणाले, "प्रश्न फक्त आवाजाचा आहे."

गल्लीत रोज सकाळी बँडची तालीम रस्त्यावरच चालायची. पूर्वजांनी घरं बांधताना ढोल मावेल एवढी खोली बांधली नव्हती. त्यामुळं रोज सकाळी भांडणही व्हायचं. सिम्फनीतले निवृत्त प्राचार्य हुपरीकर सर नाइट ड्रेसवर शाल गुंडाळून खाली यायचे, ध्वनिप्रदूषणावर व्याख्यान द्यायचे, आप्पा त्यांना "सर, बसा की," म्हणायचे, आणि चहा येईपर्यंत दोघं एकमेकांच्या बापजाद्यांची चौकशी करायचे. चहा पिऊन सर पुन्हा तावातावानं वर जायचे. असं कित्येक महिने चाललं. कुणालाही शांतता मिळाली नाही, पण सगळ्यांना सगळं माहीत होतं.

मग महापालिकेनं लक्ष घातलं. प्रस्ताव निघाला, की वाजंत्री गल्ली बायपासच्या पलीकडं न्यावी. तिथं 'संगीत पार्क' होईल. जागा कचरा डेपोला लागून होती, पण संगीताला वास येत नाही असं अधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं.

तोडगा काढला तो नंदिनीनं. नंदिनी म्हणजे आप्पांची मोठी मुलगी. ध्वनिशास्त्र शिकलेली, पन्नाशीची, आवाज घालवणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर. तिनं सिम्फनीतच पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. तो मागच्या बाजूला होता, हायवेकडं तोंड असलेला, कारण गल्लीकडचे फ्लॅट 'हेरिटेज व्ह्यू' म्हणून महाग होते. मुलीनं परत गल्लीत दार केलं या आनंदात आप्पांनी तिच्या दारासाठी नवीन चाल बांधली होती. चालीचं प्रकरण पुढं येईलच.

नंदिनीच्या यंत्राचं नाव 'मौनी'. त्यामागचं शास्त्र सरळ आहे. आवाज म्हणजे हवेला बसलेला धक्का. त्या धक्क्याच्या नेमका उलटा धक्का त्याच क्षणी दिला तर दोन्ही मिळून काहीच उरत नाही. अडचण एवढीच, की उलटा धक्का द्यायचा तर मूळ धक्का येतोय हे आधी कळायला हवं. ते कळतं, कारण आवाज फार आळशी असतो. आप्पांनी गल्लीत फुंकर घातली की ती सिम्फनीपर्यंत पोचायला पापणी लवण्याइतका वेळ घेते. रेडिओलहरीला तेवढाही लागत नाही. म्हणून बँडवाल्यांच्या गणवेशाच्या कोटावर, खांद्यावरच्या झालरीत बारीक माइक शिवायचे, आणि तालमीलाही तोच कोट घालायचा. सूर निघाला की त्याची चहाडी इमारतीकडं आधी पोचते, आणि सूर दारात येईस्तोवर भिंतीवरचा पातळ पापुद्रा उलटा थरथरायला तयार असतो.

ढोलासारखे जाड आवाज असे सहज मरतात. क्लॅरिनेटसारखे बारीक आवाज चिवट. तिथं केसाएवढा उशीर झाला तरी सगळं फसतं. म्हणून मौनी नुसतं ऐकत नाही, ते शिकतं. आता हा सूर लागला, म्हणजे पुढं अमुक येणार, असा अंदाज बांधून ते आधीच तयारीत राहतं. तीच ती गाणी त्याच त्या पद्धतीनं वाजवणारा बँड त्याला फार सोपा. जितकं अचूक वाजवाल तितकं स्वच्छ पुसलं जाईल.

नंदिनीनं हे आप्पांना त्यांच्याच कट्ट्यावर बसून समजावलं होतं.

"म्हंजे आमी वाजवायचं," आप्पा म्हणाले.

"हो. मनसोक्त."

"आणि त्यांनी ऐकायचं न्हाई."

"हो."

"मग भांडायचं कशावरनं?"

"आप्पा, भांडण मिटवायलाच तर आहे हे."

ठेका चुकलेल्या ढोलवाल्याकडं बघावं तसं आप्पांनी तिच्याकडं बघितलं. पण कचरा डेपोचा वास त्यांनाही येत होता. ते तयार झाले. महापालिकेनं करार केला. मौनी चालू, तर बँड गल्लीत. मौनी एकदा जरी बंद झालं, तर बँड डेपोपलीकडं.

झालर शिवली, पापुद्रा चढला आणि एका सकाळी सिम्फनी हाइट्समध्ये काहीच ऐकू आलं नाही. लोकांनी बाल्कनीत येऊन खाली पाहिलं. वीसेक माणसं गाल फुगवत होती, हात आपटत होती, आवाज नव्हता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी कुणी बघायला आलं नाही.

हुपरीकर सरांचं खाली येणं थांबलं. यायला कारणच उरलं नव्हतं. गल्लीत कुणी मेलं, कुणाला पोर झालं, हे सिम्फनीत पूर्वी शिव्या देता देता कळायचं. आता कळेनासं झालं. सोसायटीच्या वार्षिक सभेत मौनीच्या अभिनंदनाचा ठराव एकमतानं पास झाला.

गोम एकच होती. सिम्फनीत अधूनमधून एक भेसूर ट्रंपेट ऐकू यायचा. पूर्ण गाणं नाही, नुसते तुटक चित्कार. तो सर्जेराव, आप्पांचा मुलगा, नंदिनीचा धाकटा भाऊ. सर्जेराव तीस वर्षं बँडमध्ये होता आणि तीस वर्षांत एकच चूक त्याच्याकडून दोनदा झाली नव्हती. मौनीला त्याचा अंदाजच बांधता येईना. वीस जणांच्या बँडमधून सिम्फनीपर्यंत फक्त तो एकटा पोचत होता.

"ताई, फॅन झालेत माझे वर," तो नंदिनीला सांगायचा. आप्पांना ही गोष्ट फार लागली. "चाळीस वर्षं सूर सोडला न्हाई," ते म्हणाले, "आणि बिल्डिंगला ऐकाय जातो कोण, तर सर्जा."

आता चालीचं प्रकरण.

वाजंत्री गल्लीतून कुणाचीही मिरवणूक निघाली की बँड प्रत्येक दारापुढं थांबतो. प्रत्येक घराची स्वतःची चाल असते, ती वाजवतो. याला सलामी म्हणतात. घरातलं माणूस तांब्या घेऊन बाहेर येतं, रस्त्यावर पाणी घालतं, मग बँड पुढच्या दाराला. आधीपासून दारात येऊन उभं राहायचं नाही. मान मागून घेतल्यासारखं होतं, आणि तसली सलामी धरत नाहीत. सूर कानावर पडला की उठायचं. सख्खं नातं असलं तरी ज्याचं दार त्यानं आपल्याच दारी थांबायचं, पाणी घालून मग मिरवणुकीत जायचं. आणि एखाद्या दारानं दोन मिरवणुकांना उत्तर दिलं नाही, तर तिसऱ्या मिरवणुकीत बँड तिथं थांबत नाही. 'दार मिटलं' म्हणतात. मिटलेलं दार पुन्हा उघडल्याचं गल्लीत कुणाच्या ऐकिवात नाही.

मौनी बसल्यावरच्या पहिल्याच लग्नात, शेजारच्या लोखंड्यांच्या मुलीच्या वेळी, बँड सिम्फनीच्या फाटकापुढं थांबला. आप्पांनी नंदिनीची चाल वाजवली, मग पुन्हा वाजवली. नंदिनी वर कणीक मळत होती. सर्जाचे एक-दोन चित्कार आले, ते रोजचेच म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. सलामी झाल्याचं तिला सर्जेरावच्या फोनवरून कळलं. ती तशीच पिठाच्या हातानं खाली धावली, तोवर रस्ता रिकामा झाला होता.

आप्पा कट्ट्यावर क्लॅरिनेटची पत्ती पुसत बसले होते.

"आप्पा, मी घरातच होते. ऐकू आलं नाही."

"व्हय. म्हंजे यंत्र झ्याक चालतंय."

"तुम्हाला माहीत आहे ना, ते कसं—"

"मला वाजवायचं तेवढं म्हाईत हाय. वाजवलं. दार उघडलं न्हाई." त्यांनी पत्ती उजेडात धरून बघितली. "अजून एक बारी हाय तुझी. सोहमच्या लग्नात."

सोहम सर्जेरावचा मुलगा. लग्न तोंडावर आलं होतं.

नंदिनीनं चेअरमन देवधरांकडं अर्ज केला, की लग्नाच्या सकाळी तासभर यंत्र बंद ठेवावं. सगळ्यांनी मान्य केलं तर करार मोडत नाही.

"एका लग्नाला बंद केलं की प्रत्येक लग्नाला करावं लागेल," देवधर म्हणाले. "गल्लीत लग्नं फार होतात."

"सगळीकडंच होतात, सर."

"आमच्याकडं हॉलमध्ये होतात. आणि मॅडम, यंत्र तुमचं. तुम्हीच बंद करा म्हणता?"

"फक्त माझ्या खिडकीपुरतं?"

उत्तर तिलाच ठाऊक होतं. पापुद्र्याला एक भोक पडलं की आजूबाजूच्या सगळ्या लहरींचं गणित ढासळतं. सूचना-पत्रकात हे वाक्य तिनंच लिहिलं होतं, ठळक अक्षरात. ऑफिसातून गुपचूप बंद करणं शक्य होतं. मग संध्याकाळपर्यंत महापालिकेचा ट्रक गल्लीत.

शेवटी तिला उपाय सुचला, आणि इंजिनिअरला सुचतो तसा तो स्वस्त आणि सोपा होता. सर्जा! बँड फाटकात आला की सर्जा कुठंतरी घसरणारच. तो चित्कार कानावर आला की उठायचं. सूर कानावर पडला, मगच उठले. रीतही पाळली जाईल, करारही.

लग्नाच्या सकाळी तिनं इरकली लुगडं नेसलं, तांब्याचा तांब्या चिंचेनं घासून पाण्यानं भरला आणि दाराजवळ खुर्ची टाकून बसली. हातात तांब्या, कान बाहेर. हायवेवरून बिनचालकाच्या गाड्या एका रांगेत, एका वेगानं, आवाज न करता जात होत्या.

खाली मिरवणूक निघाली होती. सोहम घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला चालला होता. शहरात रिक्षा आपोआप चालायला लागून बरेच दिवस झाले होते. घोड्याला मात्र अजून माणूसच ओढत होता. एकेक दार घेत बँड सिम्फनीच्या फाटकाशी आला. आप्पांनी हात वर केला, ढोल थांबले, आणि त्यांनी नंदिनीची चाल सुरू केली.

अशी चाल त्यांनी दुसरी बांधली नव्हती. वर जाताना ती जरा रेंगाळायची, माहेरून निघालेली पोर कोपऱ्यावर मागं बघते तशी, आणि मग एका गंधारावर येऊन टेकायची. आप्पांनी ती त्या दिवशी अशी वाजवली की समोरच्या घरातल्या बायका पदराला हात लावून उभ्या राहिल्या. एक सूर इकडचा तिकडं नाही.

म्हणून वर काहीही गेलं नाही.

चाल संपली. फाटकातून कुणी आलं नाही. आप्पांनी पुन्हा सुरू केली.

"आप्पा," सर्जेराव कानाशी येऊन म्हणाला. कोट, फेटा, कपाळाला मळवट, हात मोकळे. "मुहूर्त टळंल."

"पाणी पडल्याबिगर हलायचं न्हाई."

"फोन लावू ताईला?"

"सलामी फोनवर सांगत्यात व्हय रे?"

"मग माझा ट्रंपेट द्या. दोन मिनिटांत अख्खी बिल्डिंग खाली आणतो."

"वरबाप हायस तू. गप उभा ऱ्हा."

पाचव्या मजल्यावर नंदिनी अजून सर्जेरावची वाट बघत होती. हात अवघडला म्हणून तिनं तांब्या दुसऱ्या हातात घेतला. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. वरबाप वाजवत नाही. स्वतःच्या पोराच्या मिरवणुकीत बाप हात जोडून चालतो, वाद्याला शिवत नाही. गल्लीतल्या शेंबड्या पोराला माहीत असलेली गोष्ट. ती शिकून मोठी झाली, तिनं ध्वनीचं आख्खं शास्त्र पालथं घातलं, आणि आपला भाऊ आज नवऱ्याचा बाप आहे एवढंच विसरली.

ती उठली. दाराच्या कडीला हात लावला आणि तिथंच थांबली. बँड अजून आला नसेल आणि आपण खाली जाऊन उभ्या राहिलो, तर मागून घेतलेला मान, सलामी फुकट. येऊन गेला असेल, तर दार मिटलं. आत्ता वाजत असेल तर? तिनं श्वास रोखला. इतकी सुंदर शांतता तिनं आयुष्यात ऐकली नव्हती. बक्षिसं मिळाली होती त्या शांततेला.

खाली आप्पांनी चाल तिसऱ्यांदा संपवली. क्लॅरिनेट खाली घेतली, ओठ पुसले, वर बारा मजल्यांकडं पाहिलं. सगळ्या काचा चकचकीत, बंद. मागं ढोलवाले पुढच्या दाराकडं निघायच्या बेतात होते. त्यांनी पट्टे खांद्यावर नीट केले.

"थांबा," आप्पा म्हणाले.

त्यांनी पुन्हा तोंडाला क्लॅरिनेट लावली आणि तीच चाल धरली. ती वर चढली, रेंगाळली, आणि जिथं गंधारावर टेकायची तिथं आप्पांनी तो सूर मोडला.

ढोलवाल्याचा हात हवेतच राहिला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. सर्जेराव खाली मान घालून उभा राहिला, बापाला उघडं पाहिल्यासारखा. आप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते थांबले नाहीत. पुढच्या वळणावर पुन्हा मोडला. मग पुन्हा.

वर, कडीला हात लावून उभ्या असलेल्या नंदिनीला त्या शांततेत एक सूर ऐकू आला. एकटाच, कोमल पडलेला, कुणीतरी जिन्यात ठेचकाळावं तसा. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. सर्जाचा नव्हता, क्लॅरिनेटचा होता. तिला फक्त चुका ऐकू येत होत्या. बाकीची चाल तिच्याच यंत्रानं पुसून टाकली होती. पण चुकांमधलं अंतर तिला पाठ होतं. तिसरा सूर आला तोवर मधली सगळी चाल तिच्या डोक्यात वाजायला लागली होती. आप्पा कुठं चुकतायत ते तिला कळलं, आणि कशासाठी चुकतायत तेही.

लिफ्टची वाट बघायला ती थांबली नाही. लॉबीतल्या चित्रातल्या आप्पांसमोरून, निम्मं पाणी लुगड्यावर सांडत, ती फाटकाबाहेर आली आणि उरलेलं रस्त्यावर ओतलं.

आप्पांनी डोळे उघडून पाण्याकडं बघितलं. बँडला हात केला. ढोल सुरू झाले.

तोवर बिल्डिंगच्या आठ-दहा खिडक्या उघडल्या होत्या. हुपरीकर सर शाल सावरत धापा टाकत खाली पोचले होते. त्यांचा चेहरा पूर्वी भांडायला येताना असायचा तसा फुलला होता.

"वायदंडे! हे काय ऐकतोय मी? गंधार कुठं ठेवलात?"

"घरी ऱ्हायला, सर. चला की मारुतीपर्यंत. वाटेत भांडू."

सर नाइट ड्रेसवरच मिरवणुकीत चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी देवधरांनी नंदिनीला बोलावून घेतलं. "गळती आहे," ते म्हणाले. "सलग अर्धा तास बेसूर ऐकलं आम्ही."

"यंत्र चालू होतं, सर. करारात तेवढंच आहे."

"पण ते शिकतं ना? या चुका शिकायला किती वेळ लागेल?"

तासाभरात शिकवता आलं असतं. "सावकाश शिकतं," नंदिनी चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हणाली. "वयस्कर कलाकार आहेत. त्यांच्या चुका जुन्या पद्धतीच्या आहेत."

वाजंत्री गल्लीत आता सकाळी दोन तालमी होऊ लागल्या. पहिली नेहमीची. दुसरी चुकांची. आप्पा कट्ट्यावर बसून एकेकाला चुकायला लावत आणि खवळत: "हे परवा झालंय! नवीन काढ!" चुकायलाही रियाज लागतो हे त्यांना उतारवयात कळलं होतं आणि त्यांनी तो मन लावून धरला होता. बँडचा खरा उस्ताद सर्जेराव निघाला. पोरं त्याच्या पाया पडायला लागली. तो ट्रंपेट कपाळाला लावून आशीर्वाद द्यायचा. सिम्फनीतून रोज कुणी ना कुणी भांडायला खाली येत होतं.

पण यंत्रही शिकत होतं. शिकवलं नाही तरी सावकाश, आपलं आपण. नंदिनी रोज ऑफिसात त्याचे आलेख बघायची आणि रोज जरा कमी झोपायची. माणूस अचूक वाजवताना सवयीनं वाजवतो, तसा चुकतानाही सवयीनंच चुकतो. आप्पा दर वेळी सूर खालीच उतरवायचे, वर कधी चढवायचे नाहीत. आलेखातल्या बाकीच्यांच्या रेघा आधीच सपाट झाल्या होत्या, हळूहळू आप्पांचीही होत गेली. मग दोन सकाळी पाचव्या मजल्यावर नुसता सर्जा ऐकू आला.

तिसऱ्या सकाळी ती रस्ता ओलांडून गेली. आप्पा दारातल्या कट्ट्यावर एकटेच वाजवत होते. ती शेजारी बसली.

"आप्पा, तुमचं काही पोचत नाही आता. तुम्ही चुकणार कुठं, ते त्याला कळायला लागलंय."

आप्पांनी क्लॅरिनेट मांडीवर आडवी धरली. अंगातला झालरीचा कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला. मग त्यांनी ती तिच्यापुढं केली.

"मग तू वाजव."

"मला कुठं येतंय?"

"तेच म्हणतोय मी."

गल्लीत पोरींच्या हातात तांब्या देतात, क्लॅरिनेट देत नाहीत. नंदिनीनं जगातल्या सगळ्या वाद्यांचे आवाज मोजले होते, पण हे वाद्य तोंडाला कधी लावलं नव्हतं. पत्ती ओली होती, आप्पांच्या तंबाखूचा वास येत होता. तिनं कट्ट्यावरून उतरून रस्त्यात, आप्पांच्या दारासमोर उभं राहून फुंकलं. आधी नुसती हवा गेली. मग दार करकरावं आणि त्याच वेळी गोठ्यातली म्हैस हंबरावी तसा एक आवाज गल्लीभर गेला. तो पुढं कुठं वळणार हे तिला माहीत नव्हतं, तेव्हा मौनीला कुठून माहीत असणार?

चौथ्या मजल्यावरची खिडकी उघडली. मग सातव्या. देवधर अर्ध्या गालाला साबण लावलेले बाल्कनीत आले. "कोण आहे ते?" ते ओरडले. "काय वाजवताय?"

नंदिनीनं आणखी जोरात फुंकलं आणि तिरप्या नजरेनं कट्ट्याकडं बघितलं. आप्पा तिथं नव्हते. लाज वाटून आत गेले असावेत, असं तिला वाटलं. तिचा सूर लटपटला, तरी तिनं सोडला नाही.

तेवढ्यात आप्पा बाहेर आले. हातात तांब्या होता. ते तिच्या पायांशी वाकले आणि रस्त्यावर पाणी घातलं.

"झालं इथलं," ते म्हणाले. "आता फुडच्या दाराला."